आधी डोळे कोण उघडतं

मी ध्यान शिकले ते जळफळाटातून. दुसरं कारण सांगितलं तर खोटं बोलल्यासारखं होईल. रक्तदाब, झोप, मनःशांती ही कारणं मी लोकांना सांगायला नंतर जमवली. खरं कारण एवढंच, की माझी मुलगी रोज सकाळी आपली पुस्तकं उचलायची आणि शेजारच्या दारात, माझ्या धाकट्या जावेकडं, अभ्यासाला जाऊन बसायची.

राहू गावाच्या पुढं, नदीच्या अंगाला आमची वस्ती आहे. दोघा भावांची एकाच स्लॅबखाली दोन घरं, समोर दोघांना मिळून एक लांबलचक ओटा, चुली वेगळ्या. सासऱ्यांनी तरुणपणी मेंढरं राखली, मग ती विकून इथं जमीन धरली आणि विहीर पाडली. जाण्याआधी त्यांनी जमीन दोन्ही मुलांत वाटून दिली, पण विहीर आणि तिच्यावरची मोटर सामाईक ठेवली. एक दिवस थोरल्याचं पाणी, एक दिवस धाकट्याचं. ज्याची पाळी त्यानं मोटरकडं बघायचं, दुसऱ्यानं तिला हात लावायचा नाही. भांडणं टळावीत म्हणून घातलेला हा नियम आमच्यात अजून कुणी मोडलेला नाही.

मुलीची बारावी झाली होती. डॉक्टरकीच्या परीक्षेत पहिल्या वेळी थोडक्यात हुकली, म्हणून वर्षभर घरी राहून ती पुन्हा तयारी करत होती. तिच्यासाठी मी आमची आतली खोली रिकामी केली, टेबल आणलं, पंखा बदलला. आणि ही बाई सगळं सोडून चुलतीच्या स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्याला टेकून वाचत बसायची. एक दिवस मी तिला अडवलंच. म्हटलं, "आपल्या घरात काय काटं पसरल्यात का गं? तिकडं कशाला पळतीस?"

तिनं सरळ सांगून टाकलं, "मम्मी, काकीजवळ बसलं ना, शांत वाटतं. तुझ्याजवळ बसलं की वाटतं, माझं कायतरी काम राहिलंय."

मी तेव्हा लसूण सोलत होते, कुकरच्या शिट्ट्यांवर कान ठेवून होते, आणि दुधाची किटली डेअरीवर कोण नेणार याचा विचार करत होते. तिन्हींपैकी एकही काम न सोडता मी ते वाक्य ऐकलं.

धाकटी शिरूर गावातली, माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. ती आळशी असती तर मला किती बरं वाटलं असतं. पण तिच्या गोठ्यात माझ्याइतक्याच गाई, तिचं शेत माझ्याएवढंच, आणि तिची दोन लेकरं अशी दंगेखोर की घरावरची पाण्याची टाकीही त्यांच्या तावडीतून सुटत नाही. तरी सकाळची कामं आवरली की नवाच्या सुमारास ती ओट्यावर मांडी घालून, डोळे मिटून वीस मिनिटं बसायची. उठायची तेव्हा नुकतीच झोपून उठल्यासारखा तिचा चेहरा ताजा दिसायचा. भाकरी तिच्याही करपतात. तिची करपली की ती हसते. माझी करपली की वस्तीवरच्या कुत्र्यालाही कळतं.

ती हे यवतला शिकली होती. तिथं रविवारी दुपारी देवळाच्या सभामंडपात एक निवृत्त शिक्षिका ध्यानाचा वर्ग घेतात, फुकट. मी तिला म्हटलं, "मला बी नेत जा." तिला एवढा आनंद झाला की माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तिच्या जिवावर उठल्यासारखी निघाले होते आणि ही मला स्कुटीवर मागं बसवून, "आक्का, धरा मला नीट," म्हणत होती.

पहिल्या दिवशी बाई म्हणाल्या, "श्वासाकडं लक्ष द्या. विचार येतील, येऊ द्या. जातील, जाऊ द्या." माझे विचार आले ते वळकटीसकट मुक्कामाला आले. कालवडीला बांधलं का, कांद्याची रोपं उन्हात राहिली, सिलेंडर कधीही संपेल, पोरीनं नाश्ता केला की तसाच झाकून ठेवला, मालकांचा डबा घासायचाय. एका विचाराला दारापर्यंत सोडून येईस्तोवर आत चार बसलेले. मग मी डोळे किलकिले केले आणि शेजारी धाकटीकडं बघितलं. तिचे हात मांडीवर उघडे पडले होते. मला माझी मूठ दिसली, आवळलेली.

पुढचे सगळे रविवार मी तेच केलं. तिच्या हनुवटीवर तीळ आहे हे पंधरा वर्षं एका ओट्यावर राहून मला माहीत नव्हतं, ते यवतच्या सभामंडपात कळलं. बाई एकदा मला म्हणाल्या, "ताई, तुम्ही फार घाईनं श्वास घेता. जरा तुमच्या जाऊबाईंकडं बघा, खांदे कसे सैल सोडलेत." आता बाईंना काय सांगू? वर्ग सुरू झाल्यापासून मी दुसरीकडं कुठं बघितलंच नव्हतं.

त्यांनी मला वेगळी वाट सांगितली. श्वास जमत नसेल तर आवाज धरा. जो आवाज कानावर येईल तो नुसता ऐकायचा, त्याच्या मागं पळायचं नाही. मी मान हलवली. आवाज ऐकून न पळणं हे मला कसं जमणार होतं? आयुष्य त्यातच गेलेलं, गाय हंबरली पळ, दूध उतू चाललं पळ.

घरी मी धाकटीच्या शेजारी सतरंजी टाकून बसायला लागले. मुलगी ओट्याच्या टोकाला, खांबाला टेकून वाचत असायची, कारण काकी जिथं तिथं ती. मी तिला बजावलं होतं, आम्ही बसलो की हाक मारायची नाही. मोबाईलवर वीस मिनिटं लावून ठेवायची आणि वाजला की सांगायचं. खरी गोष्ट अशी की मला ती साक्षीदार म्हणून पाहिजे होती. आधी डोळे कोण उघडतं ते तिनं बघावं, असा माझा डाव. धाकटीला या शर्यतीची कल्पनाही नव्हती, आणि म्हणूनच ती रोज जिंकायची. मी बाराव्या-तेराव्या मिनिटाला हरायचे. कधी गाडीचा हॉर्न, कधी मांजर, कधी नुसताच संशय की गॅस चालू राहिलाय.

असे चार महिने गेले. एप्रिल सरत आला होता. त्या आठवड्यात आमच्याकडं शेतीची लाईट दिवसा यायची आणि त्या दिवशी पाण्याची पाळी धाकटीची. साडेआठला लाईट आली तशी ऑटोवर टाकलेली मोटर आपोआप चालू झाली. माझे मालक कोरेगाव भीमाच्या बाजूला कंपनीत फर्स्ट शिफ्टला गेलेले, दीर दौंडच्या बाजारात. आम्ही दोघी बसलो. मुलगी खांबाशी.

शेतकऱ्याच्या घरात मोटर कुणी मुद्दाम ऐकत नाही. चालू असते तोवर ती कानात नसतेच. आवाज बदलला की मात्र भांडी घासता घासता हात थांबतो. पाणी ओढताना ती भरल्या आवाजात, जड चालते. विहिरीनं बूड दाखवलं आणि मोटर हवा ओढायला लागली की आवाज हलका होतो, वर चढतो, पाईप गुळण्या केल्यासारखा वाजतो. तेव्हा पळायचं असतं. उन्हाळा चढला तसं आमचं पाणी रोज थोडं थोडं लवकर संपत होतं, आणि त्या दिवशी ते आमच्या विसाव्या मिनिटाआधीच संपलं.

मी उठणारच होते. एक गुडघा उचललाही होता. तेवढ्यात मनात आलं, आज पाळी कुणाची?

धाकटीची. मोटर तिनं बघायची. मी हात लावायचा नाही, सासऱ्यांचा नियम. गुडघा मी परत खाली ठेवला. म्हटलं, उठू दे तिला. धडपडत, पदर सावरत पळू दे. बघू दे माझ्या पोरीला, की तिच्या काकीचंही काम राहतं.

आणि मग माझं मन थांबलं. ते कसं थांबलं हे मला अजून कुणाला नीट सांगता आलेलं नाही. गाई नाहीत, सिलेंडर नाही, परीक्षा नाही. फक्त तो वर चढत चाललेला आवाज आणि मी. खांदे आपोआप खाली आले. मूठ सुटली. बाई ज्याला एकाग्रता म्हणायच्या ती मला मिळाली, आणि तिच्या तळाशी आनंद होता की धाकटी आता हरतेय. एवढं मोकळं मला लग्नानंतर कधी वाटलं नव्हतं.

ओट्याच्या टोकाकडून मुलीची हाक आली. हळू, पण स्पष्ट. "मम्मी... मोटर."

मी ऐकली. हललेही नाही.

थोड्या वेळानं विहिरीकडून घुमल्यासारखा एक जाड आवाज झाला, आणि एकदम सगळं गप्प. वाऱ्यावर जळका वास आला. मी सावकाश डोळे उघडले. शेजारची सतरंजी रिकामी होती, धाकटी अनवाणी विहिरीच्या काठाशी पोचलेली दिसत होती. म्हणजे ती उठली होती आणि मी बसून होते. मी जिंकले होते. अभिमानानं मी मुलीकडं वळून बघितलं. ती माझ्याकडंच बघत होती. विहिरीकडं तिचं लक्ष नव्हतं.

मोटर सामाईक आहे हे मला त्यानंतर आठवलं. दुसऱ्या दिवशीची पाळी माझी होती आणि माझा ऊस पाण्यासाठी मान टाकून उभा होता.

संध्याकाळी दोघे भाऊ ओट्यावर बसले. दीर धाकटीवर इतके भडकले की शेजारच्या वस्तीवरून माणूस विचारायला आला. "डोळं मिटून बसायचं तर झोप ना घरात! मोटर बोंबलतीय आन् ही देवी ध्यानात. आजपासनं बंद. यवत बी बंद." धाकटी एवढंच म्हणाली, "माझी पाळी व्हती. मला उशीर झाला. चुकलं माझं." मी कोथिंबीर निवडत होते. माझे मालक माझ्याकडं हात करून म्हणाले, "हिची पाळी असती ना, तर ही पळत गेली असती. हिच्या कानातनं काय सुटतंय व्हय?" दिरांनी मान हलवली. म्हणाले, "वयनींचं काय सांगता. वयनी म्हंजी वयनी."

इतकं कौतुक माझं त्या घरात आधी झालं नव्हतं. मी कोथिंबिरीची देठं काढून पानं फेकत होते हे मला नंतर दिसलं.

जळालेली मोटर यवतला नव्या तारा भरायला गेली. धाकटी ओट्यावर बसेनाशी झाली. मुलगी तिच्याकडं जाईनाशी झाली. मला वाटलं, आता माझ्याकडं येईल. ती गच्चीवर, टाकीच्या सावलीला जाऊन बसायला लागली आणि माझ्याशी जेवण, चहा, अंघोळ यापलीकडं बोलेना. मी एकटीनं सतरंजी टाकून बघितली. सभोवती कुणी नाही, हरवायला कुणी नाही, आणि डोळे मिटले की ती हळू हाक ऐकू यायची. तीन मिनिटांत उठायचे.

पाचव्या दिवशी मोटर भरून आली. पुरुषांनी ती बसवली आणि तिनं पाणी धरावं म्हणून पाईपात पाणी ओतायचं काम आम्हा दोघींवर टाकून ते जेवायला गेले. धाकटी कळशी आणून द्यायची, मी ओतायचे. तिसऱ्या कळशीला मला राहवलं नाही. म्हटलं, "मी ऐकलं व्हतं. मोटर कोरडी पडलेली मी पयल्यापासनं ऐकलं व्हतं. मुद्दाम न्हाई उठले."

तिनं पुढं केलेली कळशी परत आखडून घेतली. मग म्हणाली, "ऐकलं तर मी बी व्हतं, आक्का. मी लगीच डोळं उघडलं."

"मग पळायचं न्हाई का, बाई?"

"पळणारच व्हते. तेवढ्यात पोरीनं तुम्हाला हाक मारली. आन् तुम्ही हालल्या न्हाईत. कपाळावर एक आठी न्हाई. म्हटलं, चार महिन्यांनी आज कुठं आक्कांचं ध्यान लागलंय, माझ्या पळापळीत मोडायचं. पोरीला म्हटलं, गप." तिनं ओठांवर बोट ठेवून दाखवलं. "आन् मग बांगड्या धरून, हळू हळू गेले. विहिरीच्या पायरीपाशी पोचले आन् मोटरनं जीव सोडला."

माझ्या ध्यानाला जपत ती चवड्यावर चालत गेली होती, नवऱ्याच्या शिव्या खाल्ल्या होत्या, आणि पाच दिवस त्यातलं अक्षर बोलली नव्हती. कुठल्याही चांगल्या बाईला अशा वेळी रडू आलं असतं. मला राग आला. हिला इथंही माझ्या पुढं जायचं होतं का? मला हरवायला हिला काहीच करावं लागत नाही, आणि मी चार महिने मान मोडून बसले. मी तिच्या हातातली कळशी जवळजवळ हिसकावली आणि पाईपात ओतली. निम्मं पाणी बाहेर सांडलं. ती हसली. म्हणाली, "हळू, आक्का."

त्याच दिवशी, दिवे लागायच्या आत, दोघे भाऊ चहाला बसले असताना मी सांगून टाकलं. मोटर धाकटीमुळं जळाली नाही. मी ऐकत बसले होते. दीर कपातला चहा ढवळत राहिले, त्यात साखर कधीच विरघळली होती. मालक म्हणाले, "येड लागलंय का तुला? ऐकलं आन् बसून राहिलीस? कशापायी?" मी म्हटलं, "तिची पाळी व्हती म्हणून." एवढंच सांगितलं. उरलेलं सांगायला जीभ उचलेना. दीर उठताना धाकटीला म्हणाले, "रविवारी जायचं तर जा यवतला." माझ्याकडं मात्र त्यांनी बघितलं नाही. वयनी म्हंजी वयनी हे पुन्हा कधी ऐकायला मिळेल, सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गच्चीवर वाळवण घालायला गेले. मुलगी टाकीच्या सावलीला होती. मी पाठ करून कुरडया पसरत होते. ती मागून म्हणाली, "मम्मी, मी हाक मारली ती तुला ऐकू आली व्हती ना?"

"व्हय."

"मला वाटलंच. दुसऱ्या घरात दूध उतू चाललं तरी तुला ऐकू येतं. मग तवा तुला काय वाटत व्हतं?"

खोटं सांगायला चार कारणं तयार होती. पायाला मुंग्या आल्या होत्या, हे एक. पण पाठमोरं असलं की खरं बोलणं सोपं जातं.

"बरं वाटत व्हतं," मी म्हटलं. "लई बरं वाटत व्हतं. तुझी काकी हरतीय म्हणून. तू तिच्याकडं जातीस ना, ते मला सहन व्हत न्हाई. तिचं तोंड बघितलं तरी पोटात दुखतं माझ्या."

मला वाटलं, गेली ही. वळून बघायची हिंमत होईना. मी एकाच कुरडईची कड पुन्हा पुन्हा सरळ करत होते.

मग तिचा आवाज आला, पार बारीक. "माझी मैत्रीण पुण्याला मेडिकलला गेली ना, मागल्या वर्षी. तिचा पहिल्या परीक्षेत एक विषय राहिला. तिनं रडत फोन केला मला. मी तिला समजावत व्हते, मम्मी, आन् मला इतकं बरं वाटत व्हतं. फोन ठेवल्यावर मी दोन भाकरी खाल्ल्या. तवापासनं पुस्तक उघडलं की तेच आठवतं. काकीजवळ जाऊन बसायचे, तर ती एवढी चांगली, तिला कसं सांगायचं? मला वाटायचं, आपल्या घरात अशी मी एकटीच हाय."

मी वळले. ती रडत होती, पुस्तक मांडीवर पालथं पडलेलं. माझे हात कुरडईच्या चिकानं माखले होते, तिला जवळ घ्यायची सोय नव्हती, म्हणून मी तशीच, हात हवेत धरून, तिच्या शेजारी टाकीला टेकले. खाली मोटर चालू झाली. पाळी कुणाची होती ते आठवत नाही. आम्ही दोघी किती वेळ बसलो तेही कुणी मोजलं नाही. मध्ये कधीतरी तिनं पुस्तक सुलटं केलं आणि वाचायला लागली, आणि उठून गेली नाही.